गावंडे मॅडम आणि चौदा शाळांची खबर

गावंडे मॅडम पहिल्यांदा माझ्या शाळेत आल्या तेव्हा मी त्यांना गाईड विकणाऱ्या बाई समजलो.

अमरावतीहून इकडे नेमणूक होऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते. शाळा बाळापूरच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथून आणखी दोन किलोमीटर आत. दुपारची सुट्टी चालू होती. जांभळ्या स्कूटीवरून एक बाई आल्या. डोक्याला स्टोल गुंडाळलेला, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. ऑफिसकडे न येता त्या सरळ मुलांच्या मुतारीच्या भिंतीकडे गेल्या आणि तिथे उकिडव्या बसल्या.

मी लगबगीने गेलो. म्हणालो, "मॅडम, आम्हाला गाईड नको आहेत."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. भिंतीवर कोणीतरी कोळशाने बसलेली म्हैस काढली होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कोनं काढलं?"

मला वाटलं, तक्रार आहे. "पुसून घेतो लगेच."

"पुसू नोका! हिचे मागचे पाय पाहा कसे दुमडले. मोठ्यामोठ्यायले जमत नाही असं. पोराले बलवा."

तिसरीतला अंकुश आला. मार बसणार म्हणून त्याने आधीच दोन्ही हात गालांवर धरले होते. मॅडमनी त्याला समोर बसवलं. "म्हैस बसली होती?"

"हो."

"अन् मंग?"

"मंग उठली."

"कशी उठली? पुढचे पाय अगुदर का मागचे?"

अंकुशने हात गालांवरून काढले, मातीत चारी पायांवर झाला आणि आधी मागचा भाग वर करून, मग पुढचे हात ताणून म्हैस कशी उठते ते करून दाखवलं. मॅडम इतक्या मन लावून पाहत होत्या की त्यांनी आयुष्यात म्हैस पाहिलीच नसावी असं वाटावं. नंतर कळलं, त्यांच्या माहेरी हिवरखेडला गोठ्यात सहा म्हशी होत्या. "माह्या ध्यानातच नवतं आलं कधी," त्या म्हणाल्या, आणि मग उठून मला नाव सांगितलं. त्या आमच्या केंद्रप्रमुख होत्या, म्हणजे आसपासच्या चौदा जिल्हा परिषद शाळांवर देखरेख करणाऱ्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्यांनी गाईडांचा विषय पुढे कधी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. वर 'केंद्रवार्ता' असं हाताने लिहिलेलं. खाली बातम्या. त्यातली तिसरी अशी होती: 'इयत्ता तिसरीतील अंकुशला म्हैस कशी उठते हे नीट माहीत आहे. त्याने काढलेली म्हैस शाळेच्या मागच्या भिंतीवर आहे. पाहून यावे.' आणि खरोखर, त्या रविवारी गावातली वीस-पंचवीस माणसं मुतारीच्या भिंतीसमोर उभी राहून म्हैस पाहून गेली. अंकुशचा बाप तर दोनदा आला.

ही केंद्रवार्ता मॅडम महिन्यातून दोनदा काढायच्या. एकच कागद, एकाच बाजूला. निळ्या शाईत लिहून झेरॉक्स काढायच्या आणि स्वतः चौदा गावं फिरून चिकटवायच्या. शाळेच्या दारावर एक, पिठाच्या गिरणीवर एक, किराणा दुकानात एक. चिकटवायला घरची कणकेची खळ असायची, स्टीलच्या डब्यात. सुरुवातीला बकऱ्या खळीसकट कागद खाऊन टाकायच्या, म्हणून त्या खळीत कडुनिंबाचा पाला वाटून घालत. त्यामुळे मॅडमच्या बोटांना कायम कडू वास यायचा. मला थोडंफार कॉम्प्युटर येतं हे कळल्यावर टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. मी लगेच शहाणपणा सुचवला, "मॅडम, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे. ग्रुपवर टाकून देऊ, एका मिनिटात सगळीकडे जाईल."

"जाईन अन् निघूनबी जाईन," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचा कागद बुढीले कोनीतरी वाचून दाखवते. मोबाईल कोन वाचून दाखवते सांगा?"

बोलायच्या त्या अशाच, अस्सल वऱ्हाडीत. साहेबांशीही तसंच. लिहायच्या मात्र शुद्ध, छोट्या छोट्या वाक्यांत. 'उज्ज्वल यश', 'घवघवीत', 'कौतुकाचा वर्षाव' असे शब्द मी टाईप केले की त्या लाल पेनाने काढून टाकत. "घवघवीत म्हंजे किती?" विचारायच्या. मग तिथे मुलाने नेमकं काय केलं ते लिहावं लागायचं, आणि ते माहीत नसलं तर पुन्हा त्या शाळेत जावं लागायचं. मुलं त्यांना मागे 'अन्मंग मॅडम' म्हणत. कोणतंही उत्तर मिळालं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. एकदा एका चौथीतल्या मुलीने निबंधात पहिला नंबर का आला ते सांगता सांगता घरातली भांडणं, काकाची दारू आणि मांजरीची पिल्लं इथपर्यंत सगळं सांगितलं. मॅडम तासभर ऐकत बसल्या. छापलं फक्त निबंधाचं आणि पिल्लांचं. मुलीच्या आईला मात्र नंतर दोनदा भेटून आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्या कागदात पाहुण्यांना जागा नसे. एका गावात तालुका स्पर्धेतल्या मुलांचा सत्कार होता. पाहुणे उशिरा आले, मग त्यांचेच हार-तुरे आणि भाषणं झाली, आणि बक्षिसाची मुलं तोवर उन्हात रांगेत उभी. एक मुलगी चक्कर येऊन बसली. केंद्रवार्तेत बातमी आली: 'कार्यक्रमास सात पाहुणे होते. बक्षीस मिळालेली मुले अशी.' आणि पुढे अकरा मुलांची नावं, कोणी काय केलं त्यासकट. आठ दिवसांनी त्या सातांपैकी एक पुढारी, पांढऱ्या गाडीतून, केंद्रशाळेत आले. मी तिथेच टाईप करत होतो.

"मॅडम, आमचं नाव कुठी हाय याच्यात?"

"तुमचं नाव फ्लेक्सवर होतं ना भाऊ. चांगलं हातभर. पोराईचं कुठीच नवतं, म्हनून इथी घेतलं."

"आमी काय सात पाहुने? आकडा हाय का आमी?"

मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. मले सांगा, उंच उडीत पहिली आली ते पोरगी कोनाची?"

त्यांना माहीत नव्हतं.

"तुमच्याच गल्लीतली हाय. रामधन सुताराची नात. कावून उंच उडते माहीत हाय? पान्याचा नळ त्यायच्या घरी कुंपनाच्या पल्याड हाय. दिवसातून दहाखेप कुंपन उडून जाते. फाटक हाय, पन ते म्हनते फाटकातून येळ लागते."

पुढाऱ्यांना हसू आलं. ते न आवरता आल्यामुळे त्यांचा राग गेला. जाताना म्हणाले, "पोरगी दाखवजा मले एकदा उडतानी." मॅडमनी ते मनावर घेतलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांना कुंपणापाशी नेऊन उभं केलं.

मला स्वतःला त्यांचा राग आला तो वांदरांच्या यंत्रावरून. आमच्या भागात वानरांचा उपद्रव फार. हरभऱ्याचं, तुरीचं पीक हातचं जातं. माझ्या वर्गातल्या सातवीच्या आरतीने विज्ञान प्रदर्शनासाठी वानर पळवणारं यंत्र केलं होतं. सायकलचं चाक, जुनी ताटं, मोडक्या पंख्याची मोटर. तारेवर पाय पडला की ताटं खणखणायची. तालुक्याला पहिला नंबर आला. मी हुरळून गेलो होतो, कारण मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, "चालते का ते?"

"मॅडम, पहिला नंबर आला."

"ते आयकलं. वांदरं पयतात का?"

हे मी विचारलंच नव्हतं. परीक्षकांनीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडम, आरती आणि मी तिच्या बापाच्या शेतात यंत्र मांडून बाभळीखाली बसलो. दुपारी दोनपासून. मॅडमनी पिशवीतून फुटाणे काढले, तिघांत वाटले. साडेतीनच्या सुमारास टोळी आली. पहिल्या वानराचा पाय तारेवर पडला, ताटं वाजली, सगळी वानरं चार उड्या मागे गेली. आरतीने माझा हात घट्ट धरला. मग एक दांडगा हुप्प्या परत आला, यंत्राभोवती फिरला, ताटाला बोट लावलं आणि यंत्राच्या शेजारी बसून हरभरा सोलू लागला.

केंद्रवार्तेत छापून आलं: 'आरतीच्या यंत्रास तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. आम्ही ते शेतात लावून पाहिले. यंत्र वाजले. वानरे थोडी मागे गेली व परत आली. एक वानर यंत्राशेजारी बसले. आरती म्हणते, एकच आवाज असल्याने त्यांना सवय होते. ती आता तीन वेगवेगळे आवाज करून पाहणार आहे.'

आमचे मुख्याध्यापक राऊत सर चिडले, मी त्यांच्याहून जास्त. "पहिला नंबर आलेल्या मॉडेलची अशी थट्टा?" मी तो कागद काढून टाकायला निघालो, तर दारापाशी आरती उभी. शाळेबाहेरच्या मोठ्या मुलांना ती बातमी वाचून दाखवत होती. 'एक वानर यंत्राशेजारी बसले' या वाक्यावर ती स्वतःच इतकी हसत होती की तिला पुढचं वाचता येईना. मग म्हणाली, "सर, आपल्याले डब्यात दगडं टाकून दुसरा आवाज काढता येईन का?" प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी कागद राहू दिला.

इतकं सगळं डोळ्यांनी पाहून छापणाऱ्या बाईंच्या हातून एकच बातमी न पाहता गेली, आणि ती माझ्यामुळे.

पाचवीच्या शिष्यवृत्तीचा निकाल लागला तेव्हा मॅडम प्रशिक्षणासाठी चार दिवस अमरावतीला होत्या. यादी माझ्या मोबाईलवर आली. आमच्या चौदा शाळांतून एकच नाव होतं: पूजा गजानन इंगळे. कान्हेरवाडीच्या शाळेत पूजा गजानन इंगळे होती, मला माहीत होतं. चुणचुणीत मुलगी. बाकीच्या केंद्रांनी आपापल्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायला सुरुवात केली होती. मला घाई झाली. मॅडमना फोन लावला.

"कान्हेरवाडीले जाऊन आले का तुमी?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, यादीत स्पष्ट नाव आहे. जाऊन आणखी वेगळं काय दिसणार?"

प्रशिक्षणाच्या हॉलमधून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. "बरं," त्या म्हणाल्या, "छापा."

शुक्रवारी कागद लागले. कान्हेरवाडीत यापूर्वी कोणालाच शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. गावाने शनिवारी पूजाला फेटा बांधून ट्रॅक्टरवर बसवलं. बँड होता, गुलाल होता. तिचे आजोबा, सगळे त्यांना आबाजी म्हणत, गुडघे दुखत असूनही मारुतीच्या पारापर्यंत नाचत गेले. मी व्हिडिओ पाहिला. पूजा ट्रॅक्टरवर अगदी ताठ बसली होती. मला वाटलं, लाजते आहे.

सोमवारी सोनखासच्या शाळेचे गुरुजी बैठक क्रमांकाची पावती घेऊन आले. त्यांच्याकडेही पाचवीत एक पूजा गजानन इंगळे होती. आमच्या भागात दर तिसऱ्या घरात एक गजानन असतो, हे मला कळायला हवं होतं. क्रमांक सोनखासच्या मुलीचा होता. कान्हेरवाडीची पूजा पासदेखील झाली नव्हती.

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "उद्या सकाळी येते. मी येईपरेंत कोनाले काही सांगू नोका. पोरीले मीच सांगीन."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी कान्हेरवाडीला गेलो. पूजाच्या वडिलांचा नदीकाठी भाजीचा मळा होता. ओसरीत मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं चाललं होतं. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, केंद्रवार्ता चिकटवलेली. आम्हाला पाहताच आबाजी उठले, "या मॅडम, या! पोरीचं नाव केलं तुमी."

मॅडम म्हणाल्या, "आबाजी, पैले मले पूजासंग बोलू द्या." त्या खाली, जुड्यांच्या ढिगाशेजारी बसल्या. पूजा समोर आली. मॅडमनी तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, "पूजा, माह्याकून मोठी चूक झाली बाई. ते शिष्यवृत्ती तुले नाही भेटली. सोनखासच्या पूजाले भेटली. मी न पाह्यता छापलं."

ओसरीत जुड्या बांधणारे हात थांबले. पूजाने मान खाली घातली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं माहीत होतं?"

"दुसऱ्या पेपरात माह्ये लय प्रश्न लिहाचे राह्यले होते. मले नाही भेटू शकत."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सगळे इतले खुश होते. आबाजी नाचून राहिले होते." एवढं बोलून ती रडायला लागली. तीन दिवस तिने ते एकटीने पोटात ठेवलं होतं.

मॅडमनी तिला जवळ घेतलं नाही की समजावलं नाही. तिचं रडणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. आबाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी पूजाचे वडील गजाननभाऊ म्हणाले, "आता गावात तोंड कसं दाखवावं आमी?"

"तुमी नाही दाखवाचं. मी दाखवते," मॅडम म्हणाल्या. "माह्यं काम हाय ते."

त्याच संध्याकाळी, माणसं शेतातून परत आली तेव्हा, त्या मारुतीच्या पारावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. पारावर कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "पोरीनंच खोटं सांगितलं असन गुरुजीले." मॅडम पारावरून उतरून त्या माणसापाशी गेल्या.

"तिनं तोंडातून एक शब्द नाही काढला. छापलं मी. बोलाचं असन तं माह्यासंग बोला. आत्ताच बोला."

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमी नाचलो ते फुकट गेलं?"

"सोनखासच्या पोरीसाठी नाचले समजा," मॅडम म्हणाल्या. "तिच्यासाठी तं कोनीच नाही नाचलं अजून."

पुढच्या केंद्रवार्तेत वरचा अर्धा कागद त्या चुकीला होता. 'मी स्वतः न जाता बातमी छापली. कान्हेरवाडीच्या पूजाने काहीही खोटे सांगितलेले नाही. कोणाला काही विचारायचे असल्यास मला विचारावे.' खाली त्यांची सही. मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. माझं नाव घाला."

"छापा असं कोनं म्हनलं?"

"तुम्ही."

"झालं तं मंग." त्यांनी कागद झेरॉक्सला दिला.

मला त्या दिवसांत बरं वाटत नव्हतं, आणि त्यांनाही नसावं, कारण सोनखासला जाऊन त्या दुसऱ्या पूजाची बातमी घेतल्यावर त्या परत कान्हेरवाडीला गेल्या. मीही बरोबर होतो. मॅडम पूजाला म्हणाल्या, "तू चित्र काढतं, गानं म्हनतं. मले दाखव काहीतरी. तुह्यंबी चांगलं छापू."

पूजा आता अगदी शांत होती. म्हणाली, "नको मॅडम. माह्यासाठी काही शोधू नोका. काही झालं तं मी बलावीन तुमाले."

परतीच्या वाटेवर मॅडमनी स्कूटी थांबवली. "बरोबर बोलली," एवढंच म्हणाल्या.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारीत, गजाननभाऊंच्या नंबरवरून मॅडमना फोन आला. "मॅडम, मी पूजा. तुमी या. पन पान्याची बाटली आनू नोका."

आम्ही गेलो. गोष्ट अशी होती. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या काकू रोज कुरकुर करायच्या की इथे डाळ शिजतच नाही. सगळे म्हणायचे, डाळच खराब येते. पूजाने थोडी डाळ घरी नेली, घरच्या पाण्यात टाकली, तर ती शिजली. मग तिला प्रश्न पडला. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. काही पाणी खारट असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोणतं किती, हे कोणी लिहून ठेवत नाही. गावात सात हातपंप. पूजाने दर रविवारी सातही पंपांचं पाणी चाखून वहीत लिहिलं होतं. पाच महिने. 'खारट', 'थोडं खारट', 'गोड', 'मागच्या रविवारपेक्षा खारट'. शाळेच्या आवारातला पंप सगळ्यांत वाईट होता.

मॅडमनी ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग सातही पंपांवर स्वतः जाऊन ओंजळ-ओंजळ पाणी प्यायल्या. चौथ्या पंपावर त्यांचं आणि पूजाचं जमलं नाही. मॅडम म्हणाल्या 'थोडं खारट', पूजा म्हणाली 'खारट'. दोघींनी पुन्हा प्यायलं. मॅडम हरल्या. नंतर त्यांनी ओसरीपुढे दोन चुली मांडायला लावल्या, एकीवर शाळेच्या पंपाचं पाणी, दुसरीवर मारुतीच्या पंपाचं, दोन्हींत एकाच पोत्यातली मूठमूठ डाळ. आबाजी मध्ये बसून दोन्हीकडे काड्या सारत होते. मारुतीच्या पाण्यातली डाळ मऊ झाली तेव्हा दुसऱ्या पातेल्यातले दाणे बोटाने चेपता येत नव्हते. आबाजींनी दोन्ही पातेल्यांतले दाणे बोटांवर घेऊन गजाननभाऊंच्या नाकासमोर धरले. "पाह्य! पाह्य!"

ती बातमी मी टाईप केली, पण शब्द सगळे मॅडमचे होते. शेवटचं वाक्य होतं: 'मी सातही ठिकाणी पाणी प्याले. पूजाचे म्हणणे बरोबर आहे.' पुढच्या सोमवारपासून शाळेच्या आहाराचं पाणी मारुतीच्या पंपावरून यायला लागलं. ट्रॅक्टर, बँड काही नव्हतं. काकूंनी पूजाला वरणाची पहिली वाटी दिली. कागद भिंतीवर लावताना गजाननभाऊ मॅडमना म्हणाले, "खळ थोडी जास्त लावा."

दोन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्या शेवटच्या रांगेत मुलांच्यात जाऊन बसल्या आणि त्यांना स्टेजवर आणायला दोन माणसं लागली. केंद्रवार्ता मी आणखी दोन-तीन अंक काढली. नव्या साहेबांकडे दोन केंद्रांचा कारभार होता, ऑनलाईन माहिती भरता भरता त्यांची सकाळची संध्याकाळ व्हायची. मग माझीही बदली झाली, वरूडकडे. इथे शाळेच्या कुंपणाला लागून संत्र्याची बाग आहे. मी एक कागद सुरू केला आहे, महिन्यातून एकदा. तो बरा असतो. पण मला अजून बातमी आधी दिसते आणि मूल मागाहून.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी अकोल्याला गेलो होतो. दुपारी काम लवकर आटोपलं. एका मैदानावर मुलींच्या शालेय कबड्डीचे सामने चालले होते, म्हणून आत शिरलो. एका टोकाला जिंकलेल्या संघाचे फोटो काढणं चाललं होतं, सगळे पाहुणे, शिक्षक, पालक तिकडे. दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी, हरलेल्या पोरी बूट काढत बसल्या होत्या. त्यांच्यात गावंडे मॅडम होत्या. केस पुष्कळ पिकलेले, पायात स्पोर्ट शूज, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना आता कुठलाही कागद काढायचा नव्हता.

मी हाक मारणार होतो, पण थांबलो. एक तेरा-चौदा वर्षांची, गुडघा खरचटलेली मुलगी काडीने मातीत रेघ ओढून त्यांना शेवटची चढाई समजावत होती. तिला ते शब्दांत नीट सांगता येत नव्हतं. मॅडमनी पिशवी खाली ठेवली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि पकडणाऱ्या गड्याच्या जागी जाऊन, हात पसरून, वाकून उभ्या राहिल्या. बाकीच्या पोरींनी बूट तसेच टाकून भोवती कडं केलं.

"नाही मॅडम," ती मुलगी म्हणाली, "थोडं मांगं व्हा. ते इतल्या जवळ नवती."

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. मुलीने रेघेला पाय लावला आणि दम धरला.